मेनूची पट्टी वर नेताना : लिनक्सवरचा ग्लोबल मेनू

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून त्यावर मराठी टायपिंग सुरू करण्यापर्यंत आपण मागच्या भागांत आलो होतो. त्यानंतर तुमचे जे प्रश्न आले त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच वेळा होता. मॅकवर फाइल, एडिट, व्ह्यू ही पट्टी स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला असते, तशी लिनक्सवर कशी आणायची? कुणी इंदूरहून विचारलं, कुणी बेळगावहून, कुणी बडोद्याहून. काहींनी तर यासाठी काहीबाही बसवून पाहिलं होतं, आणि मेनू वर आलाच नाही. उलट प्रोग्रॅममध्ये होता तोही गेला. आता फाइल सेव्ह कुठून करायची, असा त्यांचा पुढचा प्रश्न. म्हणून आजचा भाग पूर्ण याच विषयाला दिला आहे.

आधी एक सूचना. पडद्यावर जी नावं इंग्रजीत दिसतात ती मी इथे बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करायची वेळ आली की ती रोमन लिपीत टाइप करा. अक्षर लहान की मोठं यानं जिथे फरक पडतो, तिथे मी थांबून सांगेन.

आता ही गोष्ट नेमकी काय आहे ते बघू. सर्वसाधारणपणे प्रत्येक प्रोग्रॅमच्या विंडोला वर नावाची पट्टी असते आणि तिच्याखाली त्याचा स्वतःचा मेनू असतो. चार विंडो उघड्या असतील तर चार मेनू. ग्लोबल मेनूमध्ये मेनूची पट्टी एकच, स्क्रीनच्या वरच्या कडेला कायमची. जी विंडो समोर असेल तिचा मेनू त्या पट्टीत दिसतो. दुसऱ्या विंडोवर गेलात की पट्टीतला मजकूर बदलतो, जागा बदलत नाही. अ‍ॅपलच्या १९८३ च्या लिसा संगणकावर आणि १९८४ च्या मॅकिंटॉशवर हीच पद्धत होती, आणि मॅकवर ती आजही आहे. विंडोजनं मेनू ज्याच्या त्याच्या विंडोत ठेवला, आणि लिनक्सवरचे बहुतेक डेस्कटॉप त्याच वाटेनं गेले.

अपवाद झाला उबुंटूचा. ऑक्टोबर २०१० मध्ये उबुंटूच्या नेटबुकसाठी काढलेल्या १०.१० आवृत्तीत मेनू वरच्या पट्टीत गेला, आणि एप्रिल २०११ च्या ११.०४ मध्ये युनिटी नावाच्या डेस्कटॉपबरोबर तो सर्वांच्या मशीनवर आला. लोकांनी तेव्हा बऱ्याच शिव्या घातल्या. आज त्यातलेच कितीतरी लोक तीच सोय परत कशी आणायची ते विचारतात, ही गंमत आहे.

मग ही सोय हवी कशाला? लोक दोन कारणं सांगतात. मला त्यातलं एक लंगडं वाटतं आणि एक खरं.

लंगडं कारण जागेचं. आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपांचा पडदा वर्षानुवर्षं १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा होता, म्हणजे उंचीला फक्त ७६८. त्यात लिबरऑफिस उघडलं की नावाची पट्टी, मेनू, बटणांच्या एक-दोन ओळी, मोजपट्टी, खालची माहितीची ओळ, शिवाय डेस्कटॉपची स्वतःची पट्टी. लिहायला उरतं काय! मेनूची ओळ पंचवीस-तीस पिक्सेलची धरली तर ती वर गेल्यावर मजकुराची जेमतेम एक ओळ जास्त दिसते. आणि तीही कधी? वरच्या कडेला आधीपासून पट्टी असेल आणि मेनू तिच्यातल्या मोकळ्या जागेत बसला तर. खालची पट्टी तशीच ठेवून फक्त मेनूसाठी वर नवी पट्टी लावली, तर विंडोतले तीस पिक्सेल वाचले आणि वर तीस गेले. हिशेब शून्य. एका डेस्कटॉपवर ही जागा खरोखर कशी वाचते ते पुढे सांगतो, पण केवळ जागेसाठी एवढा खटाटोप करू नका.

खरं कारण हाताचं आहे. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये एक नियम मांडला. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला किती वेळ लागेल, हे दोन गोष्टींवर ठरतं : लक्ष्य किती लांब आहे आणि किती मोठं आहे. लांब आणि लहान असेल तर वेळ जास्त लागतो, चुकाही जास्त होतात. हे पुढे माउसलाही लागू पडतं असं दिसून आलं. आता स्क्रीनच्या कडेचा विचार करा. विंडोतल्या मेनूवर जायचं तर बाण वर न्यायचा आणि बरोबर त्या पंचवीस पिक्सेलच्या ओळीत थांबवायचा. जरा पुढे गेला तर नावाच्या पट्टीवर, जरा मागे राहिला तर बटणांवर. पण मेनू स्क्रीनच्या अगदी कडेला असेल तर थांबवायची गरजच नाही. माउस कितीही जोरात वर ढकला, बाण कडेला आपटून तिथेच राहतो. म्हणजे पंचवीस पिक्सेलचं लक्ष्य हाताच्या दृष्टीनं खूप उंच होतं.

माझी आत्या हैदराबादला असते. तिच्या उजव्या हाताला कंप आहे. तिथल्या महाराष्ट्रीय मंडळींच्या स्मरणिकेचं टायपिंग ती घरी बसून करते आणि ते तिला सोडायचं नाही. टायपिंगला त्रास नव्हता. कीबोर्डवर बोट टेकलेलं असतं. त्रास होता माउसचा. फाइल म्हणायला जावं आणि भलत्याच बटणावर क्लिक व्हावं, निवडलेला परिच्छेद एकदम ठळक व्हावा, मग ते उलटवायला पुन्हा वर जावं. मी तिच्या मशीनवर मेनू वरच्या कडेला आणून दिला. कंप गेला नाही, पण उभ्या दिशेनं नेम धरायचं काम संपलं. आता ती माउस वर ढकलते, तो थांबतो, आणि मग फक्त डावीकडे-उजवीकडे बघावं लागतं. घरात कुणाचे हात थरथरत असतील, संधिवात असेल, किंवा टचपॅडवर बोट नीट चालत नसेल, त्यांच्यासाठी आजचा भाग आहे. नुसती मॅकची हौस असेल तरी बसवा, माझी ना नाही.

हे कुणी करू नये, तेही सांगून टाकतो. मोठा, सत्तावीस इंची पडदा असेल आणि तुम्ही लहान लहान विंडो शेजारी शेजारी लावून काम करत असाल, तर उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या विंडोचा मेनू गाठायला बाणाला अख्खा पडदा ओलांडावा लागेल. फिट्सच्या नियमात अंतरही मोजलं जातं, हे विसरू नका. दोन पडदे एकावर एक ठेवले असतील, तर खालच्या पडद्याच्या वरच्या कडेला बाण थांबतच नाही, सरळ वरच्या पडद्यात शिरतो. सगळा फायदा गेला. आणि ज्यांनी माउस जिथे जाईल ती विंडो आपोआप समोर यावी अशी सेटिंग ठेवली आहे, त्यांची तर धमाल होते. मेनूकडे जाताना वाटेत दुसरी विंडो लागली की पट्टीतला मेनूच बदलतो. पोहोचेपर्यंत भलत्याच प्रोग्रॅमचा मेनू समोर! ती सेटिंग बदलून क्लिक केल्यावरच विंडो समोर येईल असं करा, मगच पुढे जा.

आता मुद्द्याची गोष्ट. ग्लोबल मेनू म्हणजे डेस्कटॉपमधलं एक बटण, ते चालू केलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो तिघांमधला करार आहे.

सोसायटीच्या गेटवरची वही डोळ्यासमोर आणा. पहिला पक्ष म्हणजे प्रोग्रॅम, समजा लिबरऑफिस. त्याची विंडो उघडली की तो गेटवर येऊन वहीत नोंद करतो : माझ्या विंडोचा क्रमांक हा, आणि माझा मेनू हवा असेल तर या पत्त्यावर विचारा. दुसरा पक्ष ही वही सांभाळणारा, त्याला रजिस्ट्रार म्हणतात. तिसरा पक्ष वरची पट्टी. समोर कोणती विंडो आली ते ती बघते, वहीत त्या विंडोचा पत्ता शोधते, त्या पत्त्यावर प्रोग्रॅमला विचारते, "बाबा, तुझ्या मेनूत काय काय आहे?" आणि उत्तर येईल ते स्वतः रंगवते. तुम्ही पट्टीत 'सेव्ह'वर क्लिक केलं की पट्टी काही सेव्ह करत नाही. ती प्रोग्रॅमला निरोप धाडते की अमुक ओळीवर क्लिक झालं, आणि सेव्ह करतो तो प्रोग्रॅमच. हे सगळे निरोप डी-बस नावाच्या व्यवस्थेतून जातात. लिनक्स डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायची ती टपालसेवा समजा. मेनूचे निरोप कसे लिहायचे याची जी पद्धत ठरली तिला डीबसमेनू म्हणतात, आणि ती उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीनं घडवली.

मेनू असा माहितीच्या रूपात बाहेर आला की त्याचे आणखीही उपयोग होतात. एप्रिल २०१२ च्या उबुंटू १२.०४ मध्ये हड नावाची सोय होती : ऑल्ट दाबा, मेनूतल्या कामाचं नाव टाइप करा, एंटर. मेनू उघडायलाच नको. माझ्या मते युनिटीमधली ती सर्वांत चांगली कल्पना होती आणि तिची सर्वांत कमी कदर झाली.

तर असे तीन पक्ष. तिघांतला एक जरी आला नाही तरी मेनू दिसत नाही. प्रोग्रॅमनं नोंदच केली नाही, तर पट्टी रिकामी राहते आणि मेनू विंडोतच दिसतो. हे परवडलं. पण प्रोग्रॅमनं आपला मेनू लपवला, "आता पट्टी दाखवेल" म्हणून निश्चिंत झाला, आणि पट्टीच नाही, तर मेनू दोन्हीकडून गेला. सुरुवातीला म्हटलं ती तक्रार हीच.

आजच्या लिनक्सवर हा करार जागोजागी का मोडतो, त्याची तीन कारणं आहेत. एक तर कॅनॉनिकलनं स्वतःच अंग काढून घेतलं. एप्रिल २०१७ मध्ये मार्क शटलवर्थ यांनी युनिटी बंद होत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षीच्या १७.१० पासून उबुंटू नोम डेस्कटॉपवर गेलं. दुसरं, नोमच्या प्रोग्रॅमांनी मेनूची पट्टीच काढून टाकली. नावाच्या पट्टीतच बटणं आणि तीन आडव्या रेघांचा छोटा मेनू. जो मेनूच नाही तो वर कसा पाठवणार? त्यात जीटीके या त्यांच्या साधनसंचाची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली, तिनं बाहेरचं मॉड्यूल आत घालायची वाटही बंद केली. म्हणजे पुढे मी जे मॉड्यूल बसवायला सांगणार आहे, त्याचा जीटीके ४ च्या प्रोग्रॅमांवर काही परिणाम होत नाही. तिसरं कारण वेलँड. जुन्या एक्स-११ पद्धतीत प्रत्येक विंडोला सर्वांना माहीत असलेला क्रमांक असायचा, आणि आपली वही चालायची ती त्याच क्रमांकावर. वेलँडमध्ये सुरक्षेसाठी असा सार्वजनिक क्रमांक नाही. केडीईनं आपल्या बाजूनं वेगळी वाट काढली, पण ती क्यूटीवर बांधलेल्या प्रोग्रॅमांना चांगली मानवते. जीटीकेवाल्यांची तिथे अडचण होते.

एवढं कळलं की बसवणं सोपं आहे. सर्वांत सोपं कुठे? केडीईच्या प्लाझ्मावर. तिथे ही सोय २०१७ च्या जानेवारीत आलेल्या ५.९ आवृत्तीपासून पुन्हा अंगभूत आहे. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करा, एडिट मोडमध्ये जा, 'अ‍ॅड पॅनल' निवडा. त्या यादीत 'अ‍ॅप्लिकेशन मेनू बार' नावाची तयार पट्टी आहे. ती घेतली की वरच्या कडेला पट्टी येते आणि तिच्यात ग्लोबल मेनू बसलेला असतो. वर आधीपासून पट्टी असेल तर नवी नको. तिच्यावर राइट क्लिक करून विजेट जोडायला जा आणि 'ग्लोबल मेनू' ओढून आणा. मग उघडे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. डॉल्फिन, केट, ऑक्युलर यांचे मेनू लगेच वर दिसतील.

वेगळी पट्टी नको असेल तर प्लाझ्मात मधला मार्गही आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये विंडो डेकोरेशन्समध्ये जा, तिथे नावाच्या पट्टीतली बटणं मांडता येतात. 'अ‍ॅप्लिकेशन मेनू' हे बटण ओढून डाव्या कोपऱ्यात ठेवा. अख्खा मेनू त्या एका बटणात जातो. मोठ्या पडद्यावर काम करणाऱ्यांना मी हेच सुचवतो. जागा वाचते, आणि मेनू विंडोबरोबरच राहतो.

प्लाझ्मावर जिंप, इंकस्केप असे जीटीके ३ वरचे प्रोग्रॅम वापरत असाल, तर त्यांना नोंद करायला शिकवणारं मॉड्यूल लागतं. डेबियन आणि उबुंटूच्या घराण्यात त्या पॅकेजचं नाव अ‍ॅपमेनू, आडवी रेघ, जीटीके३, आडवी रेघ, मॉड्यूल. सगळी अक्षरं लहान. सॉफ्टवेअरच्या यादीत नुसतं अ‍ॅपमेनू शोधलं तरी सापडेल. बसवल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. इतकं करूनही या प्रोग्रॅमांचे मेनू वर येत नसतील, तर तुम्ही वेलँडवर आहात का ते पाहा. सिस्टिम सेटिंग्जच्या 'अबाउट धिस सिस्टिम'मध्ये ग्राफिक्स प्लॅटफॉर्मच्या पुढे लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ पासून वेलँड हाच पहिला पर्याय आहे. तुमच्या वितरणात लॉगइनच्या पडद्यावर प्लाझ्मा एक्स-११ असा पर्याय मिळत असेल, तर तो निवडून पाहा.

जुन्या मशीनवाल्यांचा लाडका डेस्कटॉप एक्सएफसीई. आत्याच्या मशीनवर हाच आहे. याची पट्टी मुळातच वर असते, त्यामुळे इथे जागाही खरोखर वाचते. दोन पॅकेजं बसवायची : एक्सएफसीई४, आडवी रेघ, अ‍ॅपमेनू, आडवी रेघ, प्लगइन; आणि मघाशी सांगितलेलं जीटीके३चं मॉड्यूल. मग पट्टीवर राइट क्लिक करून नवा घटक जोडायला जा आणि यादीतून अ‍ॅपमेनू घ्या. तो डावीकडे, मुख्य मेनूच्या बटणाला लागून ठेवा. विंडोंच्या नावांची बटणं त्याच पट्टीत असतील तर ती खाली दुसऱ्या पट्टीत हलवा किंवा फक्त चित्रं दिसतील अशी करा, नाही तर दाटी होते.

एवढ्यानं जीटीकेचे प्रोग्रॅम अजून बोलणार नाहीत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतात : मॉड्यूल वापरा, आणि मेनू दाखवणारी पट्टी हजर आहे. सेटिंग्ज एडिटर उघडा. डावीकडच्या यादीत एक्ससेटिंग्ज हे चॅनेल निवडा आणि नवी नोंद करा. नोंदीचं नाव असं : तिरकी रेघ, जीटीके, तिरकी रेघ, मॉड्यूल्स. जीटीकेतला फक्त जी मोठा, बाकीची दोन अक्षरं लहान. मॉड्यूल्समधला एम मोठा. प्रकार स्ट्रिंग, आणि किंमत अ‍ॅपमेनू, आडवी रेघ, जीटीके, आडवी रेघ, मॉड्यूल. इथे जीटीकेपुढे ३ हा आकडा नाही, हे लक्षात ठेवा. त्या नावाची नोंद आधीपासून असेल आणि तिच्यात काही लिहिलेलं असेल, तर ते पुसू नका. शेवटी कोलन देऊन पुढे हे जोडा. दुसरी नोंद : तिरकी रेघ, जीटीके, तिरकी रेघ, मग शेल, शोज आणि मेनूबार हे तीन शब्द सलग, मध्ये जागा न सोडता. तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं, आणि मेनूबारमधला बी लहान. प्रकार बूलियन, किंमत ट्रू. लॉगआउट, लॉगइन. झालं.

याच डेस्कटॉपवर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या भागात, विंडो पूर्ण मोठी केल्यावर नावाची पट्टी लपवायचा पर्याय आहे. तो टिकवला की ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर दोन ओळी मोकळ्या होतात. मेनूची एक आणि नावाची एक. मघाशी जागेचा जो हिशेब मी शून्य म्हटला, तो इथे थोडा जमेत येतो.

उबुंटू माटे वापरणाऱ्यांना एवढंही करावं लागत नाही. माटे ट्वीक उघडा, पॅनलच्या मांडणीत क्युपर्टिनो किंवा म्युटिनी निवडा. पहिली मॅकसारखी, दुसरी जुन्या युनिटीसारखी, आणि दोन्हींत मेनू वर. ज्यांना खरीखुरी युनिटीच हवी त्यांच्यासाठी उबुंटू युनिटी आहे. २०२० मध्ये हा प्रकल्प आपल्या देशातल्या एका शाळकरी मुलानं सुरू केला आणि २०२२ मध्ये २२.१० पासून त्याला उबुंटूचं अधिकृत रूप म्हणून मान्यता मिळाली. नोमवाल्यांना मात्र मी स्पष्टच सांगतो : तिथे यामागे लागू नका. एक्स्टेन्शनं अधूनमधून येतात, पुढच्या आवृत्तीत मोडतात, आणि मुळात नोमच्या बहुतेक प्रोग्रॅमांना वर पाठवायला मेनूच उरलेला नाही. ग्लोबल मेनू हवा असेल तर डेस्कटॉप बदलणं कमी कष्टाचं.

आता तुम्ही रोज वापरता ते प्रोग्रॅम. स्क्रायबस क्यूटीवर बांधलेला असल्यानं तो प्लाझ्मावर वेलँडमध्येही गुणी बाळासारखा वागतो. लिबरऑफिस कोणत्या साधनसंचावर चाललंय त्यावर सगळं अवलंबून. हेल्पमध्ये अबाउट उघडा, तिथे व्हीसीएल या शब्दापुढे जीटीके३ लिहिलंय की केएफ ते दिसेल. प्लाझ्मावर असाल आणि तिथे जीटीके दिसत असेल, तर लिबरऑफिससाठीचं प्लाझ्माचं जोडपॅकेज बसवा. आणखी एक गोष्ट : लिबरऑफिसमध्ये व्ह्यूच्या युजर इंटरफेसमधून टॅब्ड रूप निवडलं असेल, तर त्यात मेनूची ओळच नसते. पट्टी रिकामी दिसली म्हणून तासभर डोकं खाजवण्याआधी तिथे स्टँडर्ड टूलबार करून बघा. लिबरऑफिस मराठीतून वापरत असाल तर वरच्या पट्टीतही मेनूची नावं मराठीतच येतात; पट्टी फक्त प्रोग्रॅम देईल तो मजकूर दाखवते.

व्हीएस कोड वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये टायटल बार स्टाइल शोधून कस्टमचं नेटिव्ह करावं, मगच तो मेनू सोडतो. क्रोमच्या विंडोत मेनूची ओळ नसते. आणि फ्लॅटपॅकमधून बसवलेला प्रोग्रॅम बंद खोलीत राहतो, त्याला गेटवरच्या वहीपर्यंत जायची परवानगी लागते. बऱ्याच क्यूटी प्रोग्रॅमांना ती आधीच दिलेली असते. एखाद्याला नसेल, तर तोच प्रोग्रॅम फ्लॅटपॅकऐवजी वितरणाच्या भांडारातून बसवून पाहणं हा सोपा उपाय.

काही चालत नसेल तर तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते ओळखायची माझी साधी पद्धत सांगतो. आधी क्यूटीचा प्रोग्रॅम उघडा, मग जीटीकेचा. क्यूटीचा मेनू वर येतो आणि जीटीकेचा विंडोतच राहतो, याचा अर्थ पट्टी आणि वही ठीक आहेत, मॉड्यूल लोड होत नाही किंवा वेलँड आडवं येतंय. दोघांचेही मेनू विंडोतच आहेत, तर पट्टी किंवा रजिस्ट्रार चालू नाही. पट्टीतला घटक काढून पुन्हा लावा आणि लॉगइन नव्यानं करा. फक्त एकाच प्रोग्रॅमचा मेनू येत नसेल, तर दोष त्या प्रोग्रॅमचा, डेस्कटॉपला हात लावू नका.

आणि मेनू दोन्हीकडून गायब झाला असेल तर घाबरू नका, तुमचं काम कुठे गेलेलं नाही. कंट्रोल आणि एस दाबून आधी फाइल सेव्ह करा; मेनू दिसत नसला तरी हे चालतं. केडीईच्या प्रोग्रॅमांत कंट्रोल आणि एम दाबलं की लपलेली मेनूची ओळ परत येते. एक्सएफसीईत सेटिंग्ज एडिटरमध्ये जाऊन ती शेल-शोज-मेनूबारची नोंद फॉल्स करा आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडा. सगळे मेनू आपापल्या विंडोत हजर होतील.

दुसऱ्या कुणाच्या मशीनवर हे बसवून देणार असाल, तर त्यांना ऑल्ट दाबून मेनू उघडायची सवय आहे का ते आधी विचारा. वर गेलेल्या मेनूला हे शॉर्टकट सगळीकडे सारखे चालत नाहीत, आणि ज्यांचा हात माउसवर थरथरतो ते बऱ्याचदा कीबोर्डवरच विसंबलेले असतात. त्यांचे रोजचे चार प्रोग्रॅम त्यांच्याच समोर उघडून, ऑल्ट आणि एफ दाबून बघा. न चालणारा एखादा निघाला तर त्याचे सेव्ह, प्रिंट, अनडूचे कंट्रोलवाले शॉर्टकट कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याशेजारी चिकटवा. परत जुन्या पद्धतीवर कसं जायचं, तेही त्याच कागदावर खाली लिहा.